लॅनिगनचं वर्षफल

कल्पना करा, पाडवा चार दिवसांवर आलाय आणि तुमच्यापुढे एक कोरा कागद आहे. त्यावर तुम्हाला एका माणसाचं वर्षफल लिहायचं आहे. ग्रहताऱ्यांचं नव्हे, बेसबॉलचं. वय सव्वीस. बॅट घेऊन उभा राहिला की दर तीन खेपांत एकदा तरी हा गडी हवेत बॅट फिरवून, चेंडूला साधा स्पर्शही न करता परत येतो. त्याला स्ट्राइकआउट म्हणतात. पण तोच गडी मैदानाच्या मागच्या भागात, बरोबर मध्यावर उभा असला की प्रतिस्पर्ध्याने टोलवलेला चेंडू जमिनीला लागायचं नाव घेत नाही. धावतो, झेपावतो, भिंतीवर पाय देऊन वर चढतो आणि झेल घेऊन खाली उतरतो. लोक तुम्हाला एवढंच विचारतायत, की यंदा हा आमच्या संघात घ्यावा का? घेतला तर कितव्या फेरीत? काय लिहाल?

कॅनडातल्या किचनरच्या उमा देवस्थळींनी त्या कागदावर पहिल्यांदा लिहिलं, "तेहतीस टक्के रिजेक्शन. घेऊ नये." आणि पेन खाली ठेवलं.

त्यांचंही चुकलं नव्हतं. एकोणतीस वर्षं त्यांनी मोटारींच्या ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीचं काम केलं होतं. शंभरातले दोन भाग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसले नाहीत तर तिथे मशीन बंद करायची पद्धत. इथे चारशे बारा खेपांत एकशे छत्तीस स्ट्राइकआउट. असला माल त्यांनी दारातूनच परत पाठवला असता.

पण कागद एका ओळीवर संपवायची मुभा नव्हती. लीगची रीतच तशी होती.

ही लीग म्हणजे किचनर-वॉटर्लूच्या बारा मराठी घरांचा खेळ. प्रत्येकाने खऱ्या बेसबॉलपटूंमधून आपापला कागदी संघ निवडायचा. ते खेळाडू खऱ्या सामन्यांत जे करतील त्याचे गुण तुमच्या खात्यात. चेंडू कुंपणापलीकडे टोलवला, म्हणजे होमरन, तर चार, फटका नसताना पुढच्या बेसवर पळून पोचला, म्हणजे बेस चोरला, तर दोन, धाव झाली की एक, चार वाईट चेंडू सोडून फुकट बेस मिळवला, म्हणजे वॉक, तर एक. स्ट्राइकआउट झाला की वजा एक. झेलाला शून्य. एप्रिल ते सप्टेंबर ही बेरीज चालायची. संघनिवडीचा ड्राफ्ट पाडव्याच्या जवळच्या रविवारी मिलिंद काण्यांच्या बेसमेंटमध्ये व्हायचा. त्याआधी वर डेकवर गुढी, बर्फ उरला असेल तर तो शोव्हल करून केलेल्या चौकोनात. आणि पंचांगवाचनाच्या जागी खेळाडूचं वर्षफल. आदल्या वर्षी पहिल्या आलेल्याने कुणालाही नको असलेला एक खेळाडू सुचवायचा आणि शेवटच्या आलेल्याने त्याचं वर्षफल लिहून गुढीपुढे उभं राहून वाचायचं. पुरतं एक पान. हसायला सगळे मोकळे.

उमाताई दोन वर्षं शेवटच्या येत होत्या.

संघ मुळात त्यांचा नव्हताच. तो रवींद्रचा, त्यांच्या नवऱ्याचा. 'ग्रँड रिव्हरचे मावळे' हे नावही त्याचंच. रवींद्र पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असताना क्रिकेट खेळायचा. बॅटिंग यथातथाच, पण कव्हरला असा उभा राहायचा की चेंडू पलीकडे जाऊ द्यायचा नाही. बेसबॉलचा संघ निवडतानाही तो झेल बघूनच माणसं घ्यायचा. झेलाला गुण नाहीत हे त्याला पाठ होतं, नियम त्यानेच तर मिलिंदबरोबर बसून लिहिले होते. तरी ड्राफ्टला बसला की डोळा मैदानाच्या मागच्या भागात. मग दरवर्षी दहावा नाहीतर अकरावा. आणि त्याच नियमांत एक कलम होतं: सलग तीन वर्षं तळाला राहिलेला संघ बाद, त्याची जागा नव्या माणसाला. तेही रवींद्रनेच घातलेलं.

तीन वर्षांपूर्वी तो गेला. उमाताईंनी संघ चालवायला घेतला, तो दर ड्राफ्टला त्याच्या जुन्या यादीतलेच खेळाडू निवडत. त्यामुळे दहाव्याचा बारावा झाला. यंदा पुन्हा बारावा आला तर 'ग्रँड रिव्हरचे मावळे' हे नाव यादीतून पुसलं जाणार होतं. त्यांच्या जागी यायला क्षितिज नावाचा एक सॉफ्टवेअरवाला मुलगा केव्हाचा तयार होता.

मिलिंद फोनवर म्हणाले होते, "वहिनी, ते कलम आपण काढून टाकू. कोण विचारतंय?"

"मी विचारतेय. तुम्ही दोघांनी लिहिलंत ना? मग राहू दे."

"अहो, पण रव्याला काय माहीत होतं..."

"भावजी, माझ्याकरता गेज सैल करायचं नाही."

आणि मग अनुपचा फोन आला. अनुप म्हणजे वॉटर्लूचा दातांचा डॉक्टर, गेल्या वर्षीचा विजेता. "काकू, तुमच्यासाठी एकदम खास माणूस काढलाय. टोबी लॅनिगन. नाव ऐकलंय?"

"नाही."

"कोणीच नाही ऐकलेलं. बॅटिंगला आला की पंखा सुरू होतो. वारा मात्र छान येतो म्हणतात."

"तुझ्या पेशंटांना भूल देण्याआधी असलेच विनोद सांगतोस का रे?"

"भूल लागत नाही मग," अनुप म्हणाला.

शनिवारी सकाळी केया आली, मुलीची मुलगी, बारा वर्षांची. सॉफ्टबॉल खेळणारी, मराठी पूर्ण समजणारी आणि उत्तर इंग्रजीत देणारी. तिने आजीचा एका ओळीचा कागद वाचला. "आजी, that's not an outlook. That's a burn."

"मग दाखव मला हा कसा खेळतो."

केयाने टॅब्लेटवर लॅनिगनचे झेल लावले. पहिला बघून उमाताई 'अगं बाई' म्हणाल्या. दुसऱ्याला खुर्ची पुढे ओढली. चौथ्या झेलात चेंडू टोलवला गेला त्याच क्षणी तो पाठ फिरवून पळत सुटला होता. एकदाही वळून पाहिलं नाही, आणि भिंतीपाशी हात वर केला तेव्हा चेंडू हातमोज्यात येऊन पडला. "ह्याला कसं कळलं?" उमाताईंनी तो झेल पाच वेळा बघितला. रवींद्र शेजारी असता तर नक्की चहा सांडला असता.

दुपारी त्यांनी दुसरा कागद लिहिला. भरून वाहत होता. झेलाची झेप, पायांचा वेग, फेकीचा नेम. शेवटी ठळक अक्षरांत: "अवश्य घ्यावा."

केयाने वाचून मान हलवली. "So beautiful. But आजी, झेल gets zero."

उमाताईंनी पेनाला टोपण लावलं. एका दिवसात त्यांनी दोन चुका केल्या होत्या, पहिली स्वतःची आणि दुसरी रवींद्रची. आधी फक्त बॅट पाहिली, नंतर फक्त हातमोजा. गेजची एकच बाजू लावून भाग तपासला तर काय होतं हे त्यांनी किती नव्या मुलांना शिकवलं होतं!

मग त्यांनी कारखान्यात करायच्या तेच केलं. एका कागदावर रकाने आखले आणि गेल्या हंगामातला लॅनिगनचा सामना अन् सामना त्यात उतरवला. केया आकडे वाचत गेली, आजी लिहीत गेली. जुलैत एक लांबलचक पट्टा आला. एकोणीस खेपा, एकही फटका नाही, अकरा स्ट्राइकआउट.

"आता बसवला असेल बाकावर," उमाताई म्हणाल्या.

"Nope. Played the next day. And the next."

"परत बघ."

"आजी, I can read."

त्याच संघाचे दुसरे दोघे, बॅट बरी असलेले, चार वाईट दिवस गेले की बाकावर बसलेले दिसत होते. लॅनिगन कधीच नाही. मे महिन्यात संघात आला तो शेवटपर्यंत खेळला. उमाताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्यांना एकदम १९९१ आठवलं.

त्या वर्षी कारखान्यातली निम्मी माणसं गेली. लेऑफची यादी दारावर लागली तेव्हा उमाताई कॅनडात बारा वर्षांच्या जुन्या होत्या आणि कोट काढायच्या आधीच समजून चुकल्या होत्या, की आपलं नाव असणार. ताशी किती नग, ह्या हिशेबात तपासणीवाले नेहमी तळाला. त्यांच्या हातून काहीच तयार होत नसे, उलट झालेलं अडत असे. पण यादीत त्यांचं नाव नव्हतं. फोरमन म्हणाला, मशीन चालवायला मी कुणालाही उभं करीन, पण इथून काय बाहेर जातं ते बघायला मला तूच लागतेस. मग पुढची अठरा वर्षं त्या रोज कामावर जात राहिल्या. आणि रोज गेल्यामुळेच पुढे सगळं जमलं: हाताखालची माणसं, सुपरवायझरची खुर्ची, घर, मुलीचं शिक्षण.

"केया, गुण मिळवायला आधी काय लागतं?"

"Hits?"

"मैदानावर उभं राहायला मिळावं लागतं गं."

रविवारी गुढीपुढे वारा इतका होता, की त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरला. डेकवर बारा घरांतली माणसं जॅकेटं घालून उभी, हातात कडुनिंबाच्या चटणीची इवलीशी गोळी. पानं कुणीतरी मिसिसॉगाहून आणली होती.

"श्री टोबी लॅनिगन यांचं वर्षफल," उमाताईंनी सुरुवात केली. "बॅटीचं स्थान कठीण आहे. खाली आणि बाहेर जाणारा चेंडू दिसला की ह्यांचा हात आवरत नाही. तीनात एक खेप वाया जाते आणि आपल्या लीगमध्ये तिचा दंड बसतो. गेल्या सप्टेंबरात हे थोडे सुधारलेले दिसतात, पण तीन आठवड्यांवरून कुणाला पास करायचं नसतं."

"आला, इन्स्पेक्टर आला!" मागून अनुप.

"हातमोज्याचं स्थान उच्चीचं आहे. त्याला आपल्याकडे शून्य. पण हातमोजा ह्यांना बाकावर बसू देत नाही, हे नीट ऐका. गेल्या वर्षी हे मे महिन्यात आले तरी चौदा होमरन मारले आणि बावीस बेस चोरले. यंदा ह्यांच्या जागेवरचा दुसरा माणूस संघ सोडून गेलाय. पूर्ण वर्ष मिळालं, म्हणजे साडेपाचशेच्या वर खेपा, तर त्याच चालीने एकोणीस होमरन आणि तीस चोऱ्या. स्ट्राइकआउट तेहतिसावरून तीस टक्क्यांवर आले तरी सतरा वेळा जास्त चेंडू बॅटीला लागेल, त्यातले पाच-सहा तरी कुणाच्या हाती न लागता जमिनीवर पडतील. धोका एकच. फलंदाजीच्या क्रमात ह्यांना नवव्या जागी ढकललं तर खेपा कमी होतील. निष्कर्ष: ह्यांच्यावर संघ उभारू नये. पण अठरा फेऱ्यांच्या ड्राफ्टमध्ये पंधराव्या फेरीत घ्यावा आणि विसरून जावा. तुमचे मोठे मोठे लोक पाय धरून बसतील तेव्हा हा मैदानावर असेल. इति."

कुणी हसलं नाही. मिलिंद म्हणाले, "वहिनी, हे तर खरंच वाटायला लागलं."

खाली ड्राफ्ट सुरू झाला. उमाताईंनी यंदा रवींद्रची यादी घरीच ठेवली होती. गुणांनुसार निवड, आकडे बघून निवड. चौदाव्या फेरीत त्यांची पाळी आली तेव्हा अनुप लॅपटॉपवर वाकून काहीतरी शोधत होता. त्याच्या पडद्यावर 'लॅनि' एवढं टाइप झालेलं त्यांना दिसलं.

"टोबी लॅनिगन," उमाताई घाईने म्हणाल्या.

"काकू! तुम्हीच पंधरावी म्हणालात!"

"ते तुझ्यासाठी."

एप्रिल वाईट गेला. लॅनिगनने पहिल्या दहा दिवसांत सोळा स्ट्राइकआउट केले आणि अनुप रोज सकाळी लीगच्या ग्रुपवर पंख्याचं चित्र टाकायचा. मेमध्ये मावळे अकरावे होते, जूनमध्ये बारावे. उमाताईंनी रकान्यांचा कागद फ्रिजवर लावला होता आणि रोजचा आकडा त्यात लिहीत होत्या. स्ट्राइकआउट कमी होत नव्हते. पण रोजच्या चौकोनात काही ना काही लिहिलेलं होतं, एकही रिकामा नव्हता. जुलैत अनुपचा महागडा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला गडी, खांदा धरून दीड महिना घरी बसला. लॅनिगन खेळतच होता. ऑगस्टमध्ये केयाने बातमी आणली, की नवव्या जागेवरून त्याला सहाव्यावर घेतलंय. मावळे पुन्हा अकराव्यावर, मग बाराव्यावर, मग अकराव्यावर. त्यांच्या खालीवर होत होता तो खुद्द मिलिंदांचा संघ.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, हंगामाच्या अखेरच्या दिवशी, मिलिंद दुपारीच उमाताईंकडे आले. हातात डबा. "हिने अळूवडी दिलीय. म्हणाली, जो हरेल त्याला जास्त."

सगळे सामने एकदमच सुरू होणार होते, पण लॅनिगनच्या गावात पाऊस पडल्यामुळे त्याचा तासभर उशिरा लागला. तोवर बाकीचं सगळं आटपलं. मिलिंदांचा शेवटचा खेळाडू संपला तेव्हा दोन्ही संघांचे गुण अगदी सारखे झाले होते. आता एकटा लॅनिगन उरला. त्याने एक गुण मिळवला तर मिलिंद तळाला. एक घालवला तर मावळे गेले.

पहिल्या खेपेला स्ट्राइकआउट. खाली आणि बाहेर.

"वजा एक," मिलिंद हळू आवाजात म्हणाले.

दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्याला तर चेंडू जवळजवळ जमिनीवर टप्पा खाऊन गेला आणि बॅट वरून फिरली. केयाने उशीत तोंड खुपसलं. "आजी, I can't."

मिलिंद उठून उभे राहिले. "वहिनी, मी आत्ता ग्रुपवर लिहितो. कलम रद्द. मी लीगचा कमिशनर आहे."

"खाली बसा, भावजी. अळूवडी गार होतेय."

नववा, म्हणजे शेवटचा डाव. मैदानावरचे दोन्ही संघ बरोबरीत, पाहुण्यांची फलंदाजी, दोन बाद, बेसवर एक माणूस. चेंडू उंच उडाला, मध्यावर, पार मागे. पडद्यावर लॅनिगन पाठ करून पळताना दिसला. उमाताईंचा हात आपोआप वर गेला. भिंतीपाशी त्याचाही गेला. चेंडू हातमोज्यात. तिसरा बाद, पाहुण्यांची पाळी संपली.

"शून्य," मिलिंद म्हणाले, पण टाळी त्यांनीच वाजवली.

"शून्य नाही. तो चेंडू पडला असता तर ते पुढे गेले असते. आता बरोबरीतच खेळायचं. बघ केया, पहिला कोण येतोय?"

लॅनिगनच येत होता, चौथ्या खेपेला. पहिला चेंडू खाली आणि बाहेर. बॅट हलली आणि थांबली. दुसरा तसाच. थांबली. एक चेंडू त्याने उगीच मागे उडवला. मग तिसरा खाली, चौथा खाली. वॉक, एक गुण. दोन चेंडूंनी तो दुसऱ्या बेसकडे सुटला आणि धुळीत पोटावर घसरत पोचला. दोन गुण.

"बरोबरी!" केया सोफ्यावर उभी राहिली. "Somebody please hit something!"

पुढच्याने उजव्या हाताला सरळ टोला मारला. लॅनिगन तिसरा बेस ओलांडून घरी, म्हणजे सुरुवातीच्या जागी, येताना एकदाही मागे बघत नव्हता. धाव. एक गुण.

मिलिंद काणे बारावे आले. त्यांनी डबा स्वतःकडे ओढला. "माझीच अळूवडी मलाच खायची पाळी. आता पाडव्याला वर्षफल मी लिहायचं होय? यंदा पहिला आलेला कुणाला शोधून काढेल देव जाणे."

"रकाने आखून देईन मी," उमाताई म्हणाल्या. रवींद्रच्या फोटोकडे त्यांनी पाहिलं नाही. फोटो त्यांच्या पाठीशीच होता.

मिलिंद गेल्यावर त्यांनी फ्रिजवरचा कागद काढला आणि शेवटच्या चौकोनात आकडे भरले. एकशे एक्कावन्न सामने. सतरा होमरन, एकतीस चोऱ्या. स्ट्राइकआउट बत्तीस टक्के. अंदाज बराचसा खरा ठरला होता. पण एका गोष्टीला त्यांच्या कागदावर रकानाच नव्हता.

केयाला त्यांनी मग एक जुनी गोष्ट सांगितली. १९९४ साली त्यांच्या सहीने पिनांचा एक खोका बाहेर जायला निघाला होता. पिना मापापेक्षा बारीक होत्या. ट्रकमध्ये चढवताना दुसऱ्या कुणीतरी पकडला, नुकसान काही झालं नाही, कुणी रागावलंही नाही. पण पुढचा आठवडाभर उमाताई चांगल्या मालालाही नापासाची लाल चिठ्ठी लावत होत्या. एक चूक पुढच्या दोनशे खोक्यांत मिसळून गेली.

"आणि ह्याने आज तीन वेळा माती खाल्ली," त्या म्हणाल्या, "आणि मग तो झेल घेतला."

"So ask him. Players read their messages. Sometimes."

उमाताईंनी कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूला, केयाने नंतर इंग्रजीत टाइप करावं म्हणून, त्यांनी नीट अक्षरात मराठीत लिहिलं:

प्रिय टोबी, बॅट ठेवून तू मध्यावर चालत जातोस ती शंभरेक पावलं असतील. त्यांतल्या नेमक्या कितव्या पावलाला तू मागचं सोडून देतोस, आणि ते तुला कुणी शिकवलं?